पोस्टकार्डातली खिडकी

भीमपूर
९ ऑक्टोबर १९८७

प्रिय सरू,

सप्रेम जयभीम. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावली असशील. राग, खुशाल राग. तुझा राग मावल्याहून इथे पोचेपर्यंत निम्मा निवतो, तो टिकत नाही हे मास्तरकीच्या ट्रेनिंगला आपण एका होस्टेलात होतो तेव्हापासून मला ठाऊक आहे.

आधी आनंदाची बातमी. दसऱ्याला आमच्या विहारात यशोधराने सगळ्यांसमोर वाचन केलं. माझी नात, पहिलीत आहे, माझ्याच वर्गात. मारोती आणि सूनबाई त्याच्या कारकुनीमुळे धाकट्याला घेऊन बेज्जूरला असतात. तिथे पावसाळ्यात रस्ता बंद पडला की शाळाही बंद, म्हणून हिला माझ्याकडे ठेवलंय. तर पोरीने पुस्तिका हातात धरून वंदना म्हटली, मग शाळेच्या पुस्तकातला धडा वाचला. कुठेही अडली नाही, पान बरोबर जागेवर उलटलं. जयवंताबाई मला म्हणतात, "मास्तरीनबाई, पोरगी तं धडाधड वाचून राह्यली! काय चारता तिले?" सरू, माझी आई लोकांच्या शेतात कापूस वेचायची आणि कागदावर अंगठा उठवायची. मी वर्गात रोज वाचते, पण नातीचं वाचन ऐकताना माझी छाती जी फुगली ती अजून खाली बसलेली नाही.

तू म्हणाली होतीस तसं, जूनपासून तिला तुमच्या शाळेच्या मराठी शाखेत घालायचं आणि तुझ्याकडेच ठेवायचं, असं मारोतीचंही मत आहे. तिथे पहिलीपासून तेलुगू असते म्हणून मी घरी तिची तेलुगू अक्षरंही सुरू केली आहेत.

अनंतरावांना नमस्कार. रिटायर झाले तरी साहेबी तशीच का? अजून आरामखुर्चीत डोळे मिटून बसतात आणि तू समोर बसून पेपर वाचून दाखवतेस? निजामाच्या राज्यात जन्मलं म्हणून एवढीही नवाबी करू नये माणसाने. इतक्या वर्षांत मला दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्यांची शाई महाग दिसते.

तुझी
फुला


मावला
२ नोव्हेंबर १९८७

प्रिय फुला,

तुझं पत्र वाचून मीही फुगले. नात तुझी असली तरी जूनपासून ती अर्धी माझी, हे लक्षात ठेव.

यांना तुझा नवाबाचा टोमणा वाचून दाखवला. खूप हसले. म्हणाले, "आमचं शिक्षण उर्दूत झालं, मराठी अक्षरं डोळ्यांना टोचतात, असं बाईंना लिही." नागपूरचा पेपर दुपारच्या गाडीने येतो. तो आला की मी चष्मा पुसायचा आणि वाचायला बसायचं. इतक्या वर्षांची सवय आहे, आता मोडून काय करायचं!

यशोधरासाठी एक गोष्टींचं पुस्तक कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. चित्रं मोठी आहेत, अक्षर ठळक आहे. तिला आपलं आपण वाचू दे, आणि कुठली गोष्ट आवडली ते मला कळव. आमचे हेडमास्तर भगवानराव दाखल करून घेताना नवा उतारा पुढे ठेवतात. आमच्या छोकरीला त्यात काय अवघड असणार, पण सवय असलेली बरी.

तुझी
सरोजिनी


भीमपूर
१९ जानेवारी १९८८

प्रिय सरू,

पुस्तक मिळालं. लगेच कळवायला हवं होतं, पण आधी कापसाची वेचणी, मग शाळेची तपासणी, मग संक्रांत. तिळगूळ सोबत आहे, गोड बोल.

पुस्तक यशोधराला फार आवडलं. चित्रं तर तिने डोळ्यांनी पिऊन टाकली. एक गंमत सांगते. त्या चित्रकाराने प्रत्येक चित्रात कुठेतरी एक पाल लपवली आहे. कुठे भिंतीवर, कुठे छपराखाली, एका चित्रात तर राजाच्या पागोट्यामागे. मला एकही दिसली नव्हती. हिने सगळ्या शोधून दाखवल्या.

वाचन चालू आहे. म्हणजे मनात असलं की वाचते. नसलं की पुस्तक मिटून बसते आणि पोटात दुखतं म्हणते. मला वाटलं डोळे अधू असतील, म्हणून तिला आदिलाबादला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, घारीसारखी नजर आहे, चष्म्याची गरज नाही. इथे सगळे म्हणतात की दोन लिप्यांचा घोळ झाला. मराठी अक्षरं ओळीला लटकतात, तेलुगू गोल गोल बसलेली असतात, एवढ्याशा डोक्यात दोन्ही कशी मावतील? मलाही ते पटलं. तेलुगू तूर्त बंद ठेवलं आहे. होईल सगळं सुरळीत.

तुझी
फुला


मावला
२७ जानेवारी १९८८

प्रिय फुला,

तिळगूळ खाल्ला, पण गोड बोलणार नाही. कुठली गोष्ट आवडली ते मी विचारलं होतं. तू मला पाली सांगितल्यास. पुस्तकातल्या एकाही गोष्टीचं नाव तुझ्या पत्रात नाही. तू काहीतरी लपवते आहेस, किंवा तुला स्वतःलाच ते पाहायचं नाही.

एक कर. नवं पुस्तक राहू दे. तिने विहारात वाचला तोच धडा काढ. चित्रावर हात ठेव, पानाच्या मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेव आणि विचार, बाळ, हे काय आहे? वरून म्हणत यायला लागली तर थांबव. पण फुला, हे करताना आवाज चढवू नकोस. ते मला वचन दे.

तुझी
सरोजिनी


भीमपूर
८ फेब्रुवारी १९८८

सरू,

तिला वाचता येत नाही.

मी चित्रावर हात ठेवला. मधल्या शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता 'घर'. ती माझा हात बाजूला करायला लागली आणि म्हणाली, "चित्र दाखव ना आजी, मंग येते मले." दुसरा शब्द दाखवला, तिसरा दाखवला. काही नाही. अक्षरं सुटी केली तर काही ओळखते, काही आज ओळखते नि उद्या विसरते. 'भ' दाखवला की 'म' म्हणते, 'घ' दाखवला की 'ध'. वर्गात मी एकदा मोठ्याने वाचते आणि मग मुलं माझ्यामागून म्हणतात. हिने ते ऐकूनच सगळं पुस्तक पाठ केलंय. आपल्याकडे वंदना अशीच तर शिकतो आपण. मोठ्यांच्या शेजारी बसून, पुस्तिका हातात धरून, ऐकून ऐकून. पोरीला वाटलं, पुस्तक हातात धरायचं आणि तोंडाने म्हणायचं, यालाच वाचणं म्हणतात. आणि मी, तिची मास्तरीन, पान बरोबर उलटलं म्हणून खूश!

वचन पाळलं, आवाज चढवला नाही. पण राग आला. मला फसवलं असं वाटलं. संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. दिवे लागले तेव्हा ती आपण होऊन बुद्धांच्या फोटोसमोर बसली आणि सगळी वंदना मोठ्याने, एकही शब्द न चुकता म्हणाली. मधूनमधून माझ्याकडे पाहत होती. सरू, मला त्या वेळी पदर तोंडात कोंबावा लागला.

त्यात रविवारी मारोती आला. त्याच्यापासून लपलं नाही. म्हणाला, "आजीच मास्तरीन असून पोरगी वाचत नाई, तं दुसरा कोन शिकवनार हाये तिले? मी नेतो तिले बेज्जूरले. पोरगी घरी ऱ्हाईन, भावाले सांभाळीन." मी म्हटलं, "अरे, मे महिन्यापर्यंत तं थांब!" तो कसाबसा थांबलाय. परीक्षा झाली की न्यायला येणार. आमच्या घरातली पोर भिंतीशी बसून पोर सांभाळणार! माझ्या आईने माझ्यासाठी जे टाळलं, तेच आता माझ्या नातीच्या वाट्याला येणार, आणि मी पाहत बसणार का?

हे अनंतरावांना वाचून दाखवू नकोस. मोठ्या माणसांपुढे मला लाज वाटते.

फुला


मावला
१६ फेब्रुवारी १९८८

माझ्या फुला,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. तू नको म्हटलं होतंस तरी. का, ते पुढे सांगते, आणि त्यांनी 'लिही' म्हटलं म्हणून लिहिते आहे.

आधी यशोधराचं. गेल्या वर्षी आमच्या शाळेने मला हैदराबादला एका शिबिराला पाठवलं होतं. तिथे अशा मुलांवर काम करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, काही मुलांचे डोळे उत्तम असतात, बुद्धी उत्तम असते, पण अक्षराचं रूप आणि त्याचा आवाज यांची गाठ त्यांच्या मनात लवकर बसत नाही. कुणाला शेजारशेजारची अक्षरं गर्दी करतात असं वाटतं. अशी मुलं आपली अडचण झाकायला इतरांच्या दुप्पट कष्ट करतात. ऐकून पाठ करतात, चित्रावरून ताडतात. आळशी मूल अख्खं पुस्तक पाठ करेल का गं? ती तुला फसवत नव्हती. तुला खूश करत होती. अशी मुलं वाचायला शिकतात, पण हळू, आणि शिकवणारा हळू चालला तर. दोन लिप्यांचा यात काही दोष नाही. एकच असती तरी हेच झालं असतं.

आता यांचं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या वडिलांचं पत्र आलं. मी पोळ्या लाटत होते म्हणून यांना वाचायला सांगितलं. हे पुष्कळ वेळ कागद धरून बसले आणि म्हणाले, "सगळं खुशाल आहे." त्या पत्रात माझी आत्या वारल्याचं लिहिलं होतं. त्या दिवशी मला कळलं. यांना वाचता येतं, पण एक पान वाचायला दुसऱ्याचं जेवण होऊन ताट वाळून जाईल एवढा वेळ लागतो. शाळेत मौलवीसाहेब म्हणायचे, घरी मराठी आहे म्हणून उर्दूत अडखळतो. घरचे म्हणायचे, शाळेत उर्दू आहे म्हणून मराठी येत नाही. पुढे कचेरीत तेलुगू आली तेव्हा सगळेच अडखळत होते, त्यात हे खपून गेले. तिन्ही लिप्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं आणि माझा नवरा तसाच साठीला आला. नायब तहसीलदार झाले, पण प्रत्येक मिसल, म्हणजे प्रकरणाची फाइल, कचेरीतल्या पेशकार कारकुनाकडून वाचून घ्यायची, डोळे मिटून ऐकायची आणि एकदा ऐकलेलं कधी विसरायचं नाही. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे साहेबांचा! तूही त्यातलीच.

म्हणून म्हणते, मारोतीला थोपवून धर. तुझं पत्र ऐकून यांनी विचारलं, "पोरगी संध्याकाळी वंदना म्हणत होती, तेव्हा बाईंनी तिला जवळ घेतलं ना?" घेतलं असशील. तसं मी त्यांना सांगून टाकलं आहे.

तुझी
सरोजिनी


भीमपूर
२८ मार्च १९८८

प्रिय सरू,

घेतलं होतं. रात्री कुशीतच झोपली. तसं सांग त्यांना.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. अनंतरावांचं वाचून हसू येत होतं नि डोळ्यांना धाराही लागत होत्या. आणि मी त्यांना नवाब म्हणत होते! आता भेटले की पायाच पडते, म्हणजे ते बिचारे पळून जातील.

आता आमची शाळा ऐक. डॉक्टरीणबाईंचं ऐकून मी घाई सोडली. आमच्याकडे कापसाला तोटा नाही. वाती वळाव्या तशा लांब लांब पिळ्या वळायच्या, पाटावर त्यांचं अक्षर मांडायचं, त्यावरून बोट फिरवायचं आणि तोंडाने आवाज काढायचा. मग डोळे मिटून चाचपायचं आणि कुठलं ते ओळखायचं. एक अक्षर पक्कं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिले कितीतरी दिवस मला वाटत होतं, कापूस वाया चालला.

पुस्तकाकडे मात्र ती फिरकेना. एकदा मी विचारलं, "काऊन वं, पुस्तक काय चावते का तुले?" तर म्हणाली, "चावत नाई, पन ते सगळे ढकलाढकली करून राह्यले ना!" बसस्टँडवर माणसं करतात तशी अक्षरं ढकलाढकली करतात म्हणे. तेव्हा मला तुझ्या पत्रातली ती अक्षरांची गर्दी आठवली. हाताशी तुझं एक जुनं पोस्टकार्ड होतं. त्याला मधोमध एका शब्दापुरती खिडकी कापली आणि पानावर ठेवली. बाकीचं सगळं झाकलं, खिडकीत एकच शब्द. ती वाकून पाहत राहिली. म्हणाली, "आजी, आता हे एकटंच हाये." खिडकी कापताना तुझं 'काळजी करू नकोस' नेमकं त्यातच गेलं, म्हणून मी अजून काळजी करतेच आहे.

आणि काल, सरू, तुझ्या पुस्तकावर खिडकी सरकवता सरकवता ती थांबली. बोटाने हवेत 'प' काढला, काना काढला, 'ल' काढला. आणि ओरडली, "पाल! आजी, इथं पाल लिवली हाये!" चित्र झाकलेलं होतं. मी काही सांगितलं नव्हतं. तिने कार्ड उडवून लावलं आणि चित्रातली पाल शोधून तिच्यावर बोट ठेवलं. मी इतकी वर्षं पोरांना वाचायला शिकवते आहे, पण कुणी पहिला शब्द वाचला म्हणून मी नाचले, असं कधी झालं नव्हतं. शेजारी तुळजाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं घरात साप निघाला.

पण मारोतीला एका पालीने काय पटणार? होळीला आला होता. पाटावरचा कापूस पाहून म्हणाला, "माय, तू वाती वळून राह्यली का शाळा घेऊन राह्यली?" मे महिना जवळ येतोय. मला भीती वाटते.

तुझी
फुला


मावला
२५ एप्रिल १९८८

प्रिय फुला,

तुझ्या पालीवर आमच्याकडे शिरा झाला.

मी भगवानरावांशी बोलले. सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, दुसरीत घेतलं तर बुडेल, पहिलीत पुन्हा बसवू, आणि वाचन तुम्ही स्वतः घ्या. एक वर्ष मागे पडली म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मारोतीला मात्र हे कसं सांगायचं, ते तूच ठरव. बाप तयार नसेल तर आम्ही काय करणार?

हे दोन दिवस कागजनगरला जुन्या दोस्ताकडे गेले होते. या वयात, या उन्हात! जुना पेशकारही सोबत नाही, एकटेच. काय खाऊन-पिऊन आलेत कोण जाणे, पण परत आल्यापासून स्वारी खुशीत आहे आणि शीळ घालते.

तुझी
सरोजिनी


भीमपूर
१४ मे १९८८

अगं सरू,

तुझा नवरा कागजनगरला थांबलाच नव्हता! बसलीस का कपाळाला हात लावून?

काल मारोती आला. मी भांडायला पदर खोचूनच बसले होते. तो पाणी प्यायला, यशोधराला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "माय, मावल्याचे साहेब आले होते माह्या हापिसात." मला आधी कळेचना. तर अनंतराव कागजनगरहून धुळीच्या रस्त्याने बसने बेज्जूरला गेले. हा त्यांना कधी भेटलेलासुद्धा नाही. टेबलासमोर बसले आणि भिंतीवरच्या सरकारी नोटिशीकडे बोट करून म्हणाले, "बेटा, हे जरा वाचून दाखव." मारोतीने घडाघडा वाचून दाखवलं. तर म्हणाले, "मला याला अर्धा दिवस लागला असता. मी नायब तहसीलदार होतो. लहानपणी मला कुणी हळू शिकवलं नाही, सगळ्यांना घाई होती. मी जन्मभर लपवत आलो. तुझ्या मुलीला लपवायला लावू नकोस." चहासुद्धा न घेता परतीची गाडी धरली.

मारोती सांगता सांगता पोरीच्या केसांवरून हात फिरवत होता. म्हणाला, "एवढा मोठा मानूस, माह्यासारख्या कारकुनाले हे सांगाले आला. आमी कोन लागतो त्याचे?" मग पोरीला म्हणाला, "चल वं, वाच काय येते ते." तिने खिडकी काढली आणि पाच-सहा शब्द वाचले. बराच वेळ लागला. मारोती हलला नाही, एकदाही मधे बोलला नाही.

पहिलीत पुन्हा बसायचं, हेही मी सांगून टाकलं. "बसू दे," म्हणाला. शाळा उघडायच्या आधी तो स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडणार आहे.

अनंतरावांना काय लिहू? सगळं आयुष्य जे झाकलं, ते त्यांनी माझ्या नातीसाठी भर हापिसात उघडं केलं. माझ्या नावाने तूच काहीतरी बरं वाचून दाखव.

तुझी
फुला


मावला
१७ जुलै १९८८

प्रिय फुला,

यशोधरा मजेत आहे. खाते चांगलं, झोपते चांगलं आणि रात्री आजीची आठवण काढून थोडं रडते, हे लपवत नाही. वाचनात अजून अडखळते. 'भ' आणि 'म' यांचं भांडण मिटलेलं नाही. तेलुगूही तुझ्या कापसाच्या वातींनीच चाललंय. ती वर्गात पहिली यायची नाही कदाचित, पण आता तिचं पोट दुखत नाही.

आजची गोष्ट सांगायला बसले आहे. दुपारी पेपर आला. मी नेहमीप्रमाणे चष्मा पुसला आणि हाक यायची वाट पाहत स्वयंपाकघरात बसले. हाक येईना. बाहेर जाऊन पाहते तर पडवीत खाली सतरंजीवर पेपर पसरलेला, त्यावर हे ओणवे आणि तुझी नात ओणवी, आणि मधे तुझी ती खिडकी. एक शब्द ती वाचणार, मग खिडकी सरकवायची, पुढचा हे वाचणार. कापसाच्या भावाची बातमी होती. यांनी एक शब्द घाईने काहीतरीच वाचला, तर ती म्हणते, "आजोबा, घाई नका करू ना. शेजारच्याले झाका, मंग दिसते." आणि कलेक्टरचंसुद्धा न ऐकणारे माझे साहेब "बरं बाई" म्हणाले आणि त्यांनी शेजारच्याला झाकलं.

मी परत आत गेले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दुपारी मला काही काम नव्हतं. काय करावं ते सुचेना. मग बसून रडले, आणि नंतर दोघांना थालीपीठं लावून दिली.

खाली यांनी लिहिलं आहे. संध्याकाळपासून बसले होते. मी मदत केलेली नाही.

तुझी
सरोजिनी

पंचफुलाबाईंस जयभीम. आपली नात हुशार आहे, पण खिडकी देत नाही. माझ्यासाठी वेगळी कापून पाठवावी.
अनंतराव